सोनवणे बाईंचं अक्षर

सोनवणे बाईंच्या खोलीत छताला पंखा होता, पण भर मे महिन्यातसुद्धा तो लावायची कोणाची टाप नव्हती. घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलेलं गिऱ्हाईक घामाने निथळत समोरच्या स्टुलावर बसायचं आणि बाई मात्र डोळ्याला आयग्लासचं भिंग लावून, मान खाली घालून शांतपणे काम करत राहायच्या. एखाद्याने बटणाकडे हात नेलाच, तर त्या मान वर न करता म्हणायच्या, "लावा, लावा. मग घड्याळातली स्प्रिंग उडाली की तुम्हीच शोधायची. केसाएवढी असते." हात मुकाट्याने खाली यायचा.

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बाई एकट्या राहायच्या. मी वर, दुसऱ्या मजल्यावर. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्स क्लार्क होतो, लग्न व्हायचं होतं, आणि संध्याकाळी बाईंच्या खोलीत जाऊन बसण्याइतका रिकामा वेळ माझ्याकडे होता. खोलीत बुद्धाची एक तसबीर, एक कॉट आणि जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर मांडलेलं त्यांचं दुकान. टेबलाच्या कडेला खिळ्यांनी ठोकलेलं पांढरं फडकं त्या कमरेला बांधून बसायच्या, म्हणजे एखादा बारीक स्क्रू निसटला तर मांडीवरच्या फडक्यात पडावा.

घड्याळं दुरुस्त करणारी बाई ही गोष्ट लोकांच्या पचनी पडायला वेळ लागे. नवं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मिस्तरी कुठे गेलेत?" बाई त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा मोडत म्हणायच्या, "मिस्तरी जेवतायत. बसा." तो बिचारा बसायचा. बाईंचं जेवण व्हायचं, हात धुऊन व्हायचे, मग त्या फडकं कमरेला बांधायच्या, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडायचा.

तरुणपणी त्या अंबरनाथच्या एका कारखान्यात होत्या. तिथे दाब मोजायची मीटरं बनत आणि त्यांच्या तबकड्यांवरचे आकडे काढायचं काम बाईंकडे होतं. कारखाना बंद पडला. नवऱ्याची विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर घड्याळांची टपरी होती, तिथे त्या मदतीला बसायला लागल्या आणि बघता बघता नवऱ्यापेक्षा तरबेज झाल्या. नवरा गेल्यावर टपरी सुटली आणि टेबल घरी आलं. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं एकेक ओळखायच्या, पण शब्द जुळवून वाचता यायचे नाहीत. याची त्यांना ना खंत होती ना लाज.

स्क्रू पडला की खोलीतल्या प्रत्येकाने जिथल्या तिथे थिजायचं, असा नियम होता. एकदा तो फडकं चुकवून खाली गेला तेव्हा मी नेमका चहाचे कप घेऊन आत येत होतो. "हलू नका!" बाई ओरडल्या. मी एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, दोन्ही हातांत कप, असा उभा. बाईंनी गुडघ्यांवर बसून वीतवीतभर जमीन पालथी घातली. चहा थंडगार झाला. शेवटी स्क्रू माझ्या पँटच्या मुडपलेल्या कडेत सापडला. "तुमच्यामुळे वाचला," एवढंच म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. माझ्या पोटऱ्या दोन दिवस दुखत होत्या.

बेलवलीचे एक निवृत्त गृहस्थ तीनदा आले. त्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ रोज दुपारी बंद पडायचं. बाईंनी दोनदा उघडलं, दोनदा काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी घड्याळाऐवजी त्या गृहस्थांनाच तपासायला घेतलं. सकाळी उठून काय करता? पेपर वाचतो. मग? टीव्ही. मग? जेवतो, झोपतो. बाईंनी घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. "याला काही झालेलं नाही. हे हाताच्या हालचालीवर चालतं आणि तुम्ही हलत नाही. उठा, रोज बाजारात जाऊन या." गृहस्थ चिडून गेले. पण पुढे भाजीची पिशवी घेऊन आमच्यासमोरून जाताना मनगट वर करून दाखवायचे.

तर अशा बाईंच्या पुढ्यात मी माझी ऑनलाइन घेतलेली घड्याळं ठेवायला लागलो. दोन हजार सात-आठची गोष्ट. स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत बसून लिलावाच्या वेबसाइटवर जुनी घड्याळं बघायचं मला वेड लागलं होतं. फोटोत सगळीच घड्याळं लखलखीत आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं की नुकतीच सर्व्हिस केली आहे. पहिलं घड्याळ कुरियरने आलं. बाईंनी झाकण उघडलं, नाकाला लावलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. रॉकेलचा भपकारा आला. "ही तुमची सर्व्हिस. बुडवलं, हलवलं, वाळवलं. तेलाचा एक थेंब नाही आत. महिनाभर पळेल, मग दाते खाऊन टाकेल." दुसऱ्याच्या आत तर यंत्र भलत्याच कंपनीचं निघालं. ते हलू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची चकती कापून बसवली होती आणि त्या चकतीवर कुठल्याशा लग्नपत्रिकेतला गणपतीचा अर्धा कान दिसत होता. मी हबकलोच. मला हसावं की रडावं कळेना.

"राणे, फोटोला टिकटिक असते का?" बाई म्हणाल्या. "घ्यायच्या आधी त्याला विचारा, आतला फोटो पाठव. नाही पाठवला तर समजा."

त्यांचा खरा राग होता तो रंगवलेल्या तबकडीवर. जुन्या घड्याळाचा डायल काळवंडला की काही लोक तो धुऊन, रंग देऊन, वर कंपनीचं नाव पुन्हा काढून घड्याळ अस्सल म्हणून विकतात. असा डायल दिसला की बाई घड्याळ दोन बोटांत धरून परत करायच्या. "तोंड रंगवलंय. न्या." डायल मूळचा असेल तर मात्र म्हणायच्या, "पास." बदलापुरात या शब्दाला वजन होतं. बाईंनी पास केलं म्हणजे पुढे कोणी बोलायचं नाही.

आमच्या इमारतीमागे भोईर दादांचं घर. शेती आता नावापुरती, पण मान मोठा. त्यांच्या मुलीचं लग्न अंबरनाथच्या एका इंजिनियर मुलाशी ठरलं होतं. साखरपुड्यात व्याह्यांसमोर दादा उत्साहाच्या भरात बोलून गेले, की जावयाला स्वित्झर्लंडचं घड्याळ घालणार. नंतर माझ्याकडे आले. "राणे भाव, त्या कॉम्पुटरवर बघ. जुना चालंल, पन असली पायजे."

या वेळी मी शहाण्यासारखा वागलो. विकणाऱ्याकडून आतला फोटो मागवला. त्याने पाठवला. बाईंना प्रिंट दाखवली, त्यांनी यंत्र ओळखलं. घड्याळ आलं तेव्हा भोईर दादा स्वतः स्टुलावर बसले होते, घाम पुसत, पंख्याकडे न बघता. बाईंनी झाकण उघडलं, यंत्र निरखलं, मग डायल बघितला. बराच वेळ बघितला. मी त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान कधी पाहिलं नव्हतं. "पास," त्या म्हणाल्या. "यंत्र पास, डायल पास. हातसुद्धा लागलेला नाही याला." दादांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या पाड्याला सांगितलं.

यंत्राला तेल द्यायला घड्याळ बाईंकडेच राहिलं होतं. लग्नाला आठ दिवस असताना मी असाच खाली गेलो. बाई खुशीत होत्या. डोळ्यावरचा आयग्लास काढून त्यांनी चक्क माझ्या हातात दिला. हा मान तोपर्यंत कोणालाही मिळाला नव्हता. "लावा डोळ्याला. हे अक्षर बघा. असं अक्षर आता कोणी काढत नाही. किती सरळ, किती मोजून मापून."

मी बघितलं. खरोखरच सुंदर अक्षर होतं. तिळाहून बारीक, पण प्रत्येक रेघ स्वच्छ. वर कंपनीचं नाव, खाली घड्याळात किती माणकं बसवली आहेत तो आकडा, सतरा, आणि त्यापुढे ज्वेल्स. मी वाचलं आणि मला हसू फुटलं.

"बाई, फसलो की हो आपण! यांना स्पेलिंगसुद्धा येत नाही. जे, ई, डब्ल्यू, एल, ई, एस असं लिहिलंय. ई आधी पाहिजे, मग एल. स्विस कंपनी काय असं लिहील?"

मी हसतच होतो. बाईंनी आयग्लास माझ्या हातातून घेतला, डोळ्याला लावला. "काय चुकलंय? बरोबर तर आहे. असंच तर असतं." मी कागदावर मोठ्या अक्षरांत बरोबर स्पेलिंग लिहून दिलं. त्यांनी एकदा कागद बघितला, एकदा डायल. मग कमरेचं फडकं सोडून उठल्या. कॉटखालून एक पत्र्याचा डबा काढला. त्यातून त्यांनी पिवळा पडलेला कागदाचा कपटा काढून माझ्यापुढे ठेवला. पेनाने लिहिलेले आठ-दहा इंग्रजी शब्द होते. त्यात ज्वेल्स होता. तीच चूक.

"हे अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या.

मला काही कळेना. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. कारखाना बंद पडला तेव्हाचे दिवस. नवऱ्याच्या टपरीवर दोघांचं भागत नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्पात एक शेठ होता, जुने डायल नवे करून घ्यायचा. मीटरवर आकडे काढणारी बाई आहे हे त्याच्या कानावर गेलं. डायल तो रंगवून द्यायचा, वरची अक्षरं बाई दोन केसांच्या कुंचल्याने काढायच्या. नमुन्यासाठी त्याने हा कपटा दिला होता. "मी त्याला सांगितलं, शेठ, मला इंग्रजी वाचता येत नाही. तर हसला. म्हणाला, बहन, लिखना है, पढ़ना थोड़े ही है."

"तुम्हाला काय माहीत तो पुढे काय करायचा," मी म्हणालो. मला त्यांना सावरायचं होतं.

"पहिल्या वर्षी नव्हतं माहीत. मला वाटायचं, घराला रंग देतात तसं आहे, ज्याचं त्याला परत जात असेल. दुसऱ्या वर्षी कळलं." त्यांनी कपटा परत डब्यात ठेवला. "त्यानंतर चार वर्षं केलं."

 रंगवलेल्या तबकडीला हात लावताना विटाळ झाल्यासारखं करणारी ही बाई! आणि मग हळूहळू आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी त्यांच्या ध्यानात आधीच आली असावी, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. इतरांनी रंगवलेले डायल त्या चटकन पकडायच्या. स्वतःचे मात्र त्यांना कधीच पकडता आले नव्हते. ते अक्षर नजरेच्या इतकं ओळखीचं होतं की बघताक्षणी बरोबर वाटायचं. आणि चुकीचं स्पेलिंग तर त्यांच्या लेखी तेच खरं स्पेलिंग होतं.

"राणे, मी असे किती पास केले असतील?" त्यांनी विचारलं. 

भोईर दादांना त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं आणि सगळं सांगितलं. दादा हात जोडायला लागले. "बाय, तुज्या पाया परतू. कोन वाचतंय तवरा बारीक? पोरीचा लगीन हाय. व्याह्याला जबान दिलीय मी."

बाईंनी टेबलाच्या खणातून नवऱ्याचं घड्याळ काढलं. आपल्याकडचंच, साधं, चावीचं. "हे घाला जावयाला. स्वित्झर्लंडचं नाही, पण सगळं खरं आहे." दादांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वित्झर्लंड सगळ्या पाड्यात आणि अर्ध्या अंबरनाथमध्ये जाऊन पोचलं होतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळ तुमचं, लग्न तुमचं. मी कोणाला सांगायला जाणार नाही. पण मला लग्नाला बोलावू नका. कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"तू नाय आलीस त लोक इचारतील, बाय का नाय आली? तू ये, जेव, गप रव. तुना कोन इचारतंय?"

लग्न झालं दादांच्या दारातल्या मांडवात. घड्याळ नवऱ्या मुलाच्या मनगटावर होतं आणि झकास दिसत होतं. बाई बायकांच्या मागच्या रांगेत पांढरी साडी नेसून बसल्या होत्या. मी मुद्दाम त्यांच्या जवळच्या खांबापाशी उभा होतो. अक्षता पडल्या, हार झाले, माझा जीव भांड्यात पडला. पंगती बसायच्या बेतात होत्या.

मुलाचे वडील मोठे हौशी गृहस्थ. पाहुण्यांना बोलावून बोलावून मुलाचं मनगट दाखवत होते. दादांचं कौतुकही करत होते, मनापासून. तेवढ्यात कोणीतरी त्यांना सांगितलं, की हे घड्याळ ज्यांनी तपासलं त्या बाई इथेच आहेत. झालं. "अहो, मग त्यांना पुढे बोलवा की! या, या बाई. सांगा बघू आमच्या पाहुण्यांना, एकदम ओरिजिनल ना?"

एक 'हो' म्हणायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. दादा बाईंकडे बघत होते, ते बघणं मला अजून आठवतं. बाई उठल्या, पदर सावरला, चार पावलं पुढे आल्या.

"यंत्र खरं आहे," त्या म्हणाल्या. "तोंड खोटं आहे. ते मी रंगवलंय, पुष्कळ वर्षांपूर्वी. पास केलं तेव्हा मला ओळखता आलं नाही. भोईर दादांनी विश्वासाने घेतलंय, चूक माझी आहे."

 लाउडस्पीकरवरचं गाणं तेवढं चालू होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बाईंचा भयंकर राग आला होता. मुलाच्या वडिलांनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी मुलाच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, दादांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "राहू द्या हो. आमच्याकडे घड्याळं आहेत." इतक्या सभ्यपणे म्हणाले की दादांना चार लोकांत उभं राहवेना. कोपऱ्यात नवरी मुलगी खाली मान घालून रडत होती. बाई न जेवता घरी निघून गेल्या.

लग्न मोडलं वगैरे काही नाही. मुलगी सुखात आहे, दोन मुलं आहेत. पण दादा बाईंशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. घड्याळ त्यांनी माझ्या दारात आणून दिलं. "ठेव तुज्याकरं. तुमचा दोगांचा हाय." लोकांचं येणंही कमी झालं. मला वाटलं होतं, इतकं खरं बोलणाऱ्या बाईवर गावाचा भरवसा वाढेल. तसं काही घडलं नाही. आणि जे येत त्यांना बाई पास म्हणत नसत. "चालतंय," एवढंच म्हणत. डायलबद्दल विचारलं तर, "ते मला विचारू नका."

मी एकदा न राहवून बोललो, "बाई, एका दिवसापुरतं गप्प बसता आलं नसतं?"

त्यांनी आयग्लास काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "चार वर्षं गप्प बसूनच केलं ना ते काम."

पुढच्या वर्षी कंपनीने मला गुजरातेतल्या युनिटमध्ये पाठवलं. सामान बांधताना ते घड्याळ हाती लागलं. जायच्या आदल्या दुपारी मी ते घेऊन खाली गेलो. बाई मला जरा वाळलेल्या वाटल्या. मी वातावरण हलकं करायला म्हणालो, "याचं काय करू? टाकू पुन्हा त्या वेबसाइटवर? जाईल लगेच."

थट्टाच होती, पण बाईंनी हात पुढे केला. फडकं कमरेला बांधलं, आयग्लास लावला, झाकण उघडलं आणि ते यंत्रापासून वेगळं करून उपडं ठेवलं. घड्याळ दुरुस्त करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली बारीक खूण कोरतात, म्हणजे पुढच्या कारागिराला कळावं की याआधी कोणी उघडलं होतं. बाईंनी अशी खूण कधी केलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी सुई घेतली आणि श्वास रोखून कोरायला सुरुवात केली. घाम त्यांच्या कानशिलावरून गळत होता. 

बऱ्याच वेळाने त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. मराठीत, तेच सरळ, मोजून मापून काढलेलं अक्षर होतं: डायल रंगवलेला आहे. कमल सोनवणे, बदलापूर.

त्यांनी झाकण बसवलं, चावी दिली, घड्याळ कानाला लावून ऐकलं आणि फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवलं.

"आता खुशाल विका," त्या म्हणाल्या.